क्वेल झऱ्यावरचं निशाण

हॅलोरन काउंटीत माणसांपेक्षा पाट्या जास्त आहेत, असं माइते म्हणायची, आणि ती फार वाढवून सांगत होती असं नाही. नेवाडाच्या त्या कोपऱ्यात गाडी घेऊन निघालं तर तासभर समोरून कुत्रंसुद्धा यायचं नाही, पण रस्त्याच्या कडेला थोड्या थोड्या अंतरावर लाकडी पाटी मात्र हजर. इथे टपालगाडीचे घोडे बदलायचे. इथे चांदी सापडली, आणि पुढच्याच वळणावर, इथे चांदी संपली. इथे चिनी मजुरांना पुरलं होतं. त्यांच्या माणसांनी मागाहून येऊन हाडं मायदेशी नेली, आता नुसते खड्डे उरलेत. एका वठलेल्या झाडापाशी 'फाशीचं झाड' अशी पाटी होती. त्या झाडाला जन्मात कधी कोणी लटकलं नव्हतं, पण प्रवाशांना ते भारी आवडायचं. फोटो काढून झाले की ते सॉल्टर गावात येत आणि माइतेच्या खानावळीत मेंढीचा रस्सा ओरपत. त्यामुळे गावानेही त्या झाडाविरुद्ध कधी तोंड उघडलं नाही.

पाट्यांचा मजकूर ओपल ट्रेविथिक लिहायची आणि तिचा थोरला भाऊ वेंडेल तो रंगवायचा. ओपलचं सगळं आयुष्य शाळेच्या पोरांना जेवण वाढण्यात गेलं होतं. निवृत्त झाल्यावर तिने जुन्या कचेरीतलं काउंटीचं संग्रहालय हातात घेतलं. वेंडेल रस्ते सपाट करायच्या यंत्रावर बसून म्हातारा झालेला. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. घरं शेजारी शेजारी, मधे कुंपण नाही, आणि भांडण रोजचं.

"ओपल, या झाडावर कोणाला फाशी दिलं गं?" हातात ब्रश धरून तो विचारायचा.

"कोणाला नाही. तू रंगव."

"म्हणजे थापा."

"थापा कसल्या? इतिहास म्हणतात त्याला. गिऱ्हाईक येतं त्याने."

मे महिन्याच्या शेवटी हा वेंडेल मिठागराजवळची पाटी रंगवायला गेला आणि परत आला नाही. त्याची गाडी कोरड्या तळ्याच्या काठावर सापडली. आस मोडलेला, मागे रंगाचे डबे जसेच्या तसे, पाण्याचा कॅन तेवढा नाही. उन्हाळा त्या वर्षी लवकर पेटला होता. वाऱ्याने पावलं पुसून टाकली होती. डांबरी सडक दक्षिणेला, म्हणजे डोकं ठिकाणावर असलेला माणूस दक्षिणेलाच चालत जाणार, या हिशेबाने शेरीफच्या माणसांनी सगळी दक्षिण पिंजून काढली. शेजारच्या काउंटीतून हेलिकॉप्टर आलं. मग हेलिकॉप्टर परत गेलं, आणि लोक ओपलशी बोलताना आवाज खाली आणायला लागले. तो खालचा आवाज ऐकला की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिला भाऊ जिवंत हवा होता. सापडला की जन्मभर पुरेल इतकं फैलावर घ्यायचं, असं तिने मनाशी पक्कं ठरवून टाकलं होतं.

शोध थांबल्यानंतरच्या एका सकाळी ती माइतेच्या खानावळीत समोरची कॉफी गार करत बसली होती. माइते एचेवेरी ही स्पेनकडून आलेल्या बास्क मेंढपाळाची मुलगी, ओपलची शाळेपासूनची मैत्रीण. तोंडाने फटकळ, पण त्या दिवसांत ओपलच्या पुढ्यात काही ना काही खायला ठेवल्याशिवाय ती हलत नव्हती.

शेरीफच्या हाताखालचा रस्टी हॅन्सकम आत आला, टोपी काढली आणि उगीचच लाजला. लहानपणी ओपलच्या हातचं जेवून मोठा झालेला हा माणूस. तिचा भाऊ आपल्याला सापडला नाही याची त्याला चोरट्यासारखी शरम वाटत होती.

"माइते, ते डब्यांचं खोकं ठेव अजून तुझ्याचकडे," तो म्हणाला. "क्वेलला टाकणार होतो. पण निशाण अजून वरच आहे."

क्वेल झरा म्हणजे कोरड्या तळ्याच्या उत्तरेला, डोंगराच्या घळीत, पाण्याची एक बोटभर धार आणि तिच्याकाठी दगडी खोपटं. खोपट्याला कुलूप नाही. कोणीही जावं, राहावं, निघताना चार डबे आणि थोडी फोडलेली लाकडं मागून येणाऱ्यासाठी ठेवावी. मागच्या खडकावर एक खांब आहे. आत राहायला गेलं की त्या खांबावर लाल घोंगडीचा तुकडा चढवायचा. निशाण वर असलं की दुसऱ्या कोणी तिकडे फिरकायचं नाही. ही त्या काउंटीची सभ्यता. तिथे शेजाऱ्याच्या बायकोकडे टक लावून पाहिलेलं एक वेळ चालून जाईल, पण निशाण वर असताना क्वेलच्या फाटकाशी जाणाऱ्याला गावात कोणी कॉफी पाजणार नाही.

"कोण आहे तिथे एवढे दिवस?" माइतेने विचारलं.

"लडलोकडचे असतील."

"आमच्याकडचं कोणी नाही," मागच्या टेबलावरून लडलो म्हणाला. त्याची गुरं घळीसमोरच्या माळावर चरायची. "मला वाटलं, तुमच्या हपीसातलं कोणी सुट्टीवर आलंय. शिस्तीचा माणूस आहे बुवा. रोज सकाळी निशाण वर, संध्याकाळी खाली. मी रोज बघतो ना."

"आम्ही हेलिकॉप्टरमधूनसुद्धा बघितलं," रस्टी म्हणाला. "म्हटलं, बरं झालं, तिथे कोणीतरी आहे. त्यांना वेंडेल दिसला असता तर कळवलं असतं त्यांनी."

"पण आहे कोण?" माइतेने पुन्हा विचारलं.

सॉल्टरमध्ये कोणाची मांजर व्यायली तरी दुपारपर्यंत सगळीकडे होतं, आणि क्वेलला कोण राहतंय हे गावात एकालाही माहीत नव्हतं. प्रत्येकाने ते निशाण पाहिलं होतं, आणि प्रत्येकाने ते दुसऱ्या कोणाचं तरी धरलं होतं.

ओपलने कप खाली ठेवला. तिनेही ते पाहिलं होतं. शोधाच्या सुरुवातीच्याच दिवसांत ती उत्तरेच्या रस्त्यावर एकटी गेली होती. वळणावर गाडी थांबवून तिने दुर्बीण लावली, तर घळीत लाल ठिपका. तिला हायसं वाटलं होतं. कोणी असलं तर पाहतील, म्हणून तिने त्या दिशेने हात हलवला होता आणि गाडी वळवली होती.

"कधीपासून वर आहे?" तिने लडलोला विचारलं.

लडलोने डोकं खाजवलं. "तुझा भाऊ गेला, त्याच सुमारास..."

ओपल इतकी झटक्यात उठली की खुर्ची उलथली. "जिवंत आहे मेला!" ती ओरडली. "पाणी आहे तिथे, डबे आहेत! तो तिथे आरामात बसलाय, आणि आपण शहाणे सभ्यपणा करतोय!"

माइतेने ऍप्रन काढला, रस्सा डब्यात भरला आणि खानावळीला कुलूप लावलं. गिऱ्हाईक आत असताना तिने कुलूप लावल्याची ही पहिलीच वेळ. ते गिऱ्हाईक मागच्या दाराने बाहेर पडलं.

रस्टीच्या जीपमध्ये ओपल पुढे बसली. तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता. तो पाय मुरगाळून बसला असेल. बीन्स खाऊन खाऊन वैतागला असेल. गेल्या गेल्या मलाच बोलणार, एवढे दिवस काय झोपा काढत होतीस काय म्हणून. रस्टी हसत होता, माइतेही मागून टोमणे मारत होती. कोळशाच्या जुन्या भट्ट्या मागे पडल्या, टपालगाडीच्या ठाण्याच्या पडक्या भिंती मागे पडल्या. कोरडं तळं आलं, डोळ्यांत सुया टोचणारं पांढरं. पलीकडे डोंगर, डोंगरात घळ, आणि घळीत तो लाल ठिपका.

"आहे बघ!" ओपल म्हणाली. "फडकतंय."

माइतेने मागच्या सीटवरून पुढे वाकून काचेतून पाहिलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "रस्टी, जरा गाडी थांबव."

"का?"

"थांबव म्हणते ना."

त्याने थांबवली. यंत्राचा आवाज बंद झाला तसं ते वाळवंट कानात शिरलं. वाऱ्याचं नाव नव्हतं. रस्त्याकडेच्या झुडपाची काडी हलत नव्हती, जीपने उडवलेली धूळ जिथल्या तिथे लोंबत होती. वर घळीत निशाण मात्र ताणून फडफडत होतं, कोणीतरी टोकाला धरून झटकावं तसं.

माइतेने छातीवर क्रुसाची खूण केली. "घळीत वारा वेगळा असतो," रस्टी म्हणाला आणि त्याने गाडी सुरू केली. ते खरंही असतं.

फाटकाच्या अलीकडे तो रस्ता संपतो. तिथेच ओपलने स्वतः लिहिलेली पाटी उभी होती: 'पास्को नानकारो, एकांतप्रिय खाणकामगार, याचं हे घर. माणसं नकोशी झाली की तो लाल निशाण चढवी. अखेरच्या हिवाळ्यात निशाण सतत वर होतं. त्याच्या इच्छेचा मान राखून कोणी त्याला त्रास दिला नाही. वसंतात तो इथेच मृत आढळला. त्याने घालून दिलेली रीत काउंटी आजही पाळते.' पन्नासेक वर्षांपूर्वीची ती हकिगत. पाटी रंगवताना वेंडेल कुरकुरला होता, ते तिला आठवलं.

"माणसं नको होती हे तुला कोणी सांगितलं?" तो म्हणाला होता. "माणसं नको असतील तर माणूस कुत्रा पाळतो. एवढं उंच लाल फडकं कोणी लावतो काय?"

"तू रंगव," ती म्हणाली होती.

आता तिघंही फाटकाशी आली आणि थांबली. हाक मारायची, आतून 'या' म्हणेपर्यंत बाहेर उभं राहायचं, ही रीत हाडात मुरलेली. रस्टीने टोपी काढली. "कोणी आहे का घरात?" तो ओरडला. "मी हॅन्सकम, शेरीफच्या कचेरीतला!"

दार किंचित उघडं होतं. त्या फटीमागे कोणीतरी श्वास धरून ऐकतंय असं ओपलला वाटलं, अगदी ठाम वाटलं. लपलेल्या माणसाचं ऐकणं नव्हतं ते. वाट बघून दमलेल्या माणसाचं होतं.

"वेंडेल!" तिने हाक मारली. "मी आलेय रे!"

ती वाट बघत राहिली. रस्टीही, माइतेही. शेवटी ओपललाच कळलं की आपण तिघं भल्या माणसांसारखी फाटकाबाहेर उभी आहोत आणि अशीच संध्याकाळपर्यंत उभी राहू. तिने फाटकाला धक्का दिला. ते एक पाऊल आत टाकायला तिला सगळं बळ लागलं.

वेंडेल दाराच्या आत जमिनीवर होता. खाटेवरची गादी त्याने ओढून खाली घेतली होती. एक पाय कंबरेपासून वळला होता, वळायला नको तसा. बाजूला दोन-तीन रिकामे डबे आणि पाण्याचा कॅन, तोही कोरडा. वाळवंटाने त्याला सुकवलं होतं; त्याला जाऊन बरेच दिवस झाले होते. त्याचं तोंड खिडकीकडे होतं. खिडकी अगदी खाली, जमिनीलगत. ओपल त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसली आणि तिने त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून बाहेर पाहिलं. रस्ता स्वच्छ दिसत होता. जिथे तिने गाडी थांबवली होती ते वळणही दिसत होतं.

रस्टी तिला बाहेर घेऊन आला. ती पायरीवर बसली, आणि माइतेने तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. मग माइतेचे हात एकदम ताठ झाले.

"रस्टी," ती म्हणाली, "वर बघ."

खांब रिकामा होता. आत जाताना त्यावर निशाण होतं, तिघांनीही पाहिलं होतं. रस्टी खडकावर चढून गेला. चढ मोठा नव्हता, पण धड पायांच्या माणसालाही तिथे हात टेकावे लागत. तो खाली आला तेव्हा त्याच्या हातात ते लाल फडकं होतं.

"दगडाखाली ठेवलेलं," तो म्हणाला. "वाऱ्याने सुटलं असणार."

"वारा घडी घालतो का, रस्टी?" माइतेने विचारलं.

फडक्याची चार पदरी घडी होती, काठाला काठ जुळवलेला. ओपलने ते हातात घेतलं. ते उन्हाने गरम होतं. वर धुळीत एकाही पावलाचा ठसा नव्हता हे रस्टीने तिथे सांगितलं नाही; ते त्याने पुढे कधीतरी, बियर प्यायल्यावर माइतेला सांगितलं.

डॉक्टरांनी प्रेत पाहिलं. पायरीवरून पडून खुबा मोडला, बहुधा पोचला त्याच दिवशी, असं ते म्हणाले. अशा खुब्याने माणूस फार तर सरपटेल. उठून उभा राहणं शक्य नाही, खडकावर चढणं तर सोडाच.

"मग रोज निशाण कोणी चढवलं?" ओपलने विचारलं.

"आल्याबरोबर त्याने चढवलं असेल, मग पडला असेल."

"आणि रोज संध्याकाळी उतरवत कोण होतं?"

डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला. "लडलोचं वय झालंय, मिस ओपल. डोळे अधू होतात."

"किती दिवस जिवंत होता तो?"

हे तरी सांगू नये असं डॉक्टरांना वाटलं असावं. पण ते खोटं बोलणारे गृहस्थ नव्हते. "आठवडाभर. कदाचित थोडा जास्तच."

ओपल तिथे रडली नाही, दफनाच्या वेळीही नाही. ती रडली वेंडेलचे ब्रश धुताना. त्याने ते टर्पेंटाइनमध्ये भिजत ठेवले होते, परत आल्यावर धुवीन म्हणून. मग ती पहार घेऊन एकटीच क्वेलला गेली आणि तिने आपली पाटी उपटली. संग्रहालयाच्या मंडळाने विचारलं, तिथे आता काय लिहायचं. ती म्हणाली, मला माहीत नाही. इतकी वर्षं पाट्या लिहिणाऱ्या बाईच्या तोंडून हे वाक्य त्या खोलीत पहिल्यांदाच निघालं होतं.

लाल फडकं तिने घरी आणलं नाही. ते कोणीच आणलं नाही. खोपट्यातल्या खाटेवर राहिलं.

क्वेलला जाणं लोकांनी सोडलंच. खानावळीत त्याचा विषय निघाला की कोणीतरी लगेच हवापाण्यावर यायचं. जे बोलत ते एवढंच म्हणत, की पास्कोला तेव्हाही माणसं आवडायची नाहीत आणि आताही आवडत नाहीत. वेंडेल त्याच्या घरात शिरला, म्हणून म्हाताऱ्याने निशाण चढवून सगळ्यांना लांब ठेवलं आणि वेंडेलला मारलं. ओपल ऐकून घ्यायची. तिला त्या म्हाताऱ्याचा इतका राग यायचा की झोप लागायची नाही. पण त्या रागाखाली तिचा स्वतःवरचा राग बसलेला होता, आणि तो हलत नव्हता.

सप्टेंबरात एका सकाळी लडलो खानावळीच्या दारात येऊन उभा राहिला. तो आत आला नाही.

"ओपल," तो म्हणाला. "निशाण वर आहे."

सगळ्यांनी आपापल्या बशीत पाहिलं. क्वेलला कोणी नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं. रस्टी कामासाठी रीनोला गेला होता. "निदान रस्टी तरी येऊ दे," कोणीतरी म्हणालं.

ओपलने गाडीची किल्ली घेतली.

"जाऊ नकोस," माइतेने तिचा दंड धरला. "ऐक माझं. त्याला माणसं नकोत. तूच लिहिलं होतंस ना?"

"मीच लिहिलं होतं," ओपल म्हणाली. "मला कोणी सांगितलं नव्हतं, माइते. मी घरी बसून लिहिलं होतं."

"अगं, पण तिथे कोणी नाही!"

"मागच्या वेळी तिथे कोणीतरी आहे म्हणून मी गेले नाही. आता कोणी नाही म्हणून जाऊ नको? मग मी जायचं तरी कधी?"

माइतेने बास्क भाषेत एक सणसणीत शिवी हासडली, ती ओपलला होती की देवाला ते कळलं नाही, आणि ती गाडीत येऊन बसली.

त्या दिवशी वारा होता, कोरड्या तळ्यावरून पांढरी धूळ रस्त्यावर येत होती. घळीत निशाण होतं. ओपलला वाटत होतं की जवळ गेल्यावर ते नसेल. जवळ गेल्यावरही ते होतं. फाटकाशी ती थांबली नाही, हाकही मारली नाही. ती सरळ चालत जाऊन दार ढकलून आत शिरली.

खाटेवर एक मुलगी होती.

विशीतली, दगडमातीचा अभ्यास करणारी, कॉलेजात शिकणारी, हे मागाहून कळलं. तिचा एक पाय गुडघ्यापर्यंत काळानिळा सुजलेला होता. घळीच्या वरच्या अंगाला तिला साप डसला होता आणि आदल्या दिवशी ती कशीबशी इथवर येऊन पडली होती. ओठ फुटले होते, अंग तव्यासारखं तापलं होतं. पण तिचे डोळे उघडे होते, आणि ओपलला पाहिल्यावर ती लहान पोरीसारखी रडायला लागली.

माइतेने पाण्याची बाटली तिच्या तोंडाला लावली. "हळू, बाळ. घोट घोट घे. शहाणी गं माझी ती. निशाण लावलंस हे फार बरं केलंस."

"कसलं निशाण?" मुलगी म्हणाली.

माइतेने ओपलकडे पाहिलं.

"वरच्या खांबावरचं," ओपल म्हणाली. "लाल."

"मी नाही. मी उठलेच नाही इथून." तिने पुन्हा पाणी घेतलं. "वर माणसं आहेत ना? त्यांनी लावलं असेल. मी त्यांना हाका मारल्या, पण ते खाली आलेच नाहीत. पहाटेपासून वर नुसते भांडत होते."

"कोण भांडत होतं?"

"दोन म्हातारे." मुलीने डोळे मिटले, आठवायला. "एकाचं बोलणं जुन्यासारखं होतं, मला नीट कळत नव्हतं. तो चिडला होता. म्हणत होता, किती वर्षं बांधतोय, उंच बांधून काय उपयोग, बघतात आणि निघून जातात."

ओपल खाटेच्या कडेला धरून उभी होती. "आणि दुसरा?"

"दुसरा त्याला म्हणत होता, या खेपेला बांध. खाली माझी बहीण आहे."

माइतेने डोळे पुसले आणि "धर तिकडून" म्हणाली. दोघींनी मिळून मुलीला उचललं, गाडीपर्यंत आणलं, मागच्या सीटवर आडवं केलं, सुजलेल्या पायाखाली माइतेने आपलं जाकीट घातलं.

ओपल गाडीत बसली नाही. ती फाटकापर्यंत मागे आली. खडकावर निशाण वाऱ्यात फडफडत होतं, आणि तिथे दुसरं काही नव्हतं, ऊन आणि खांब.

"आले रे, वेंडेल!" ती ओरडली. "बघ, आले!"

मागून माइतेने हॉर्न दिला. मुलीला दवाखान्यात पोचवायचं होतं, वाट लांबची होती, म्हणून ओपल धावतच गाडीकडे गेली.